पुतळाबाईचा एक नंबरचा शिनुमा

उमा आपल्या लेकीच्या डोक्याला तेल लावत नाही.

लेक दहा वर्षांची आहे. केस लांबसडक, काळेभोर. दर रविवारी शेजारच्या शांताक्का येतात, पोरीला पुढ्यात घेऊन बसतात, तेल लावतात, दोन वेण्या घालतात. उमा समोर बसून नुसती बघत राहते. केसांना हात लावत नाही.

कुणी विचारलं तर हसते. म्हणते, "माझा हात जड आहे हो."

खरं कारण घराबाहेर फक्त शांताक्कांना ठाऊक आहे.

पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण यातलं गाव खरं आहे. जळकोट. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. माळावरचा तलाव खरा आहे, आणि त्या तलावाच्या कडेची बाभूळही अजून उभी आहे.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात.

ही भर दुपारची आहे.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळ काही हटत नव्हता. जळकोटच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. अर्धं गाव तिथं. बाप्ये माती वाहायचे, बाया खडी फोडायच्या.

उमाचा नवरा मच्छिंद्र गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी. दिवसभर तालुक्याच्या खेपा. उमा सोलापुरात राहून बी.ए. झालेली. तलावाच्या कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे दुष्काळातला सरकारी खाऊ, वाटायला शिकलेली बाई पाहिजे होती, तर ती लागली. चार वर्षांची कुंदा तिच्या संगतीला.

उमा भित्री नव्हती, काळजीखोर होती. कुंदा नुसती शिंकली तरी हिचा जीव खालीवर. पाणी उकळायचं, गाळायचं, बाटलीत भरायचं. लेकीच्या टोपड्याखाली ओलं फडकं. बायका हसायच्या.

"उमाबाईची लेक म्हंजी काचंचा गलास!"

"अगं, गलास तरी फुटल्यावर कळतंय. हिनं आदीच रडायला सुरवात किल्याली."

हसायच्या, पण उमाचा राग कुणाला नव्हता. तिच्या हातची सुकडी सगळ्यांना सारखी मिळायची.

मजूर बायकांची तान्ही पोरं त्या बाभळीखाली झोळ्यांत असायची. जरा कळती पोरं खाली पटकुरावर. त्यांना सांभाळायला एक म्हातारी ठेवली होती.

पुतळाबाई.

ना मूल ना बाळ. तिचा सगळा जन्म तंबूत गेलेला. म्हणजे सिनेमाच्या तंबूत. भूमच्या बाजारापासून उमरग्यापर्यंत जिथं तंबू जाईल, तिथं ही भाजलेल्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन जायची. तंबूत पडद्याच्या अगदी पुढं, बायकांच्या बाजूला, पहिल्या ओळीत तिची जागा ठरलेली. शेंगा विकायच्या आणि सिनेमा बघायचा. एकच सिनेमा आठ आठ दिवस. पाठ व्हायचा.

दुष्काळ आला. लोकांकडं खायला नाही तर तंबूत कोण जाणार? तंबू बंद पडला. शेंगा तर गावात बघायला मिळेनात. पुतळाबाई बाभळीखाली आली.

पण सिनेमे तिच्यापाशी राहिले.

"आख्ख्या जल्मात लई बघितलं," ती सांगायची. "पर माज्या आवडीचं पाचच. त्येला सहावा न्हाय."

आणि ती पोरांना ते पाच सांगायची. रोज थोडे थोडे. जेवणाच्या सुट्टीत बायाही येऊन टेकायच्या.

पाच नंबरचा होता दोन भावांचा. दोघांत मिळून धोतर एकच. एक बाहेर पडला की दुसरा घरात लपून. "त्ये धोतर वाळत घातलं अन् गाढवानं न्येलं! हसून हसून माजी शेंगाची पाटी उलटली. निम्म्या शेंगा पब्लिकनंच खाल्ल्या. मग तर म्या रडले."

चार नंबरचा दरोडेखोराचा. तो दाढी करायला बसतो आणि न्हावी असतो त्यानंच मारलेल्या पोराचा बाप. "वस्तरा गळ्यावर... अन् तितंच मेलं रीळ संपलं! समदा तंबू गळ्याला हात लावून बसल्याला."

तीन नंबरचा समुद्राचा. तो बायांना फार आवडायचा. खडी फोडून हाताला फोड आलेले, नरड्याला कोरड. म्हणायच्या, "पुतळामावशी, समिंदराचा सांग की. नुसतं पानी पानी सांग."

दोन नंबरचा बैलाचा. बाजारात विकलेला बैल तीन गावं ओलांडून आपल्या दावणीला परत येतो. तो तिनं त्या उन्हाळ्यात एकदाच सांगितला. ऐकताना एक बाई पदर तोंडात कोंबून उठून गेली. तिचे बैल गेल्या महिन्यात गेले होते. त्यानंतर पुतळाबाईनं दोन नंबर सोडून दिला.

सांगण्याची तिची रीत होती. मधेच थांबायची. डोळे मिटायची. जीभ टाळूला लावून आवाज काढायची...

खट्... खट् खट्... खर्रर्र...

"गप बसा रं. रीळ बदलतंय."

आणि पोरं खरोखरच गप बसायची. झोळीतली तान्ही सुद्धा. पुतळाबाईनं डोळे उघडले की पुढचं सुरू.

आणि एक नंबरचा?

तो आईचा.

एका पोरीची आई मरते. बाप दुसरी करून आणतो. ती नवी बाई वाईट नसते, चांगली असते. पोरीला जीव लावते. पण रोज दिवेलागणीला मेलेली आई दाराबाहेर येऊन उभी राहते. तिला उंबरा ओलांडता येत नाही. ती फक्त पोरीलाच दिसते. रोज हाक मारते. रोज पोरगी एकेक पाऊल दाराकडं सरकते.

"अन् मग एक दिस..." पुतळाबाईचा आवाज बारीक व्हायचा. "घरात कुनीबी न्हाय. पोरगी दारापशी आली. कडीला हात घातला..."

खट्... खट् खट्...

इथं ती डोळे उघडायची नाही.

"पुढं काय झालं, आजी?"

"त्येच तर. शेवटचं रीळ आलंच न्हाय."

त्या काळी एकाच सिनेमाची पेटी दोन गावच्या तंबूंत चालायची. पलीकडच्या तंबूत एक रीळ संपलं की सायकलवाला ते घेऊन इकडं यायचा. ते चालू असतं तोवर पुढचं आणायला परत. त्या दिवशी जळकोटच्या तंबूत पोरीनं कडीला हात घातला आणि पडदा पांढरा झाला. सायकलवाला आलाच नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या घातल्या, घरी गेले.

पुतळाबाई पहिल्या ओळीत सकाळपर्यंत बसून राहिली.

सकाळी सायकलवाला आला. गुडघे फुटलेला, रीळ छातीशी धरलेला. पण दिवसाउजेडी पडद्यावर काय दिसणार? पेटी त्याच दिवशी सोलापूरला परत गेली.

"त्येचा शेवट बघितल्याबिगर मराची न्हाय म्या," ती म्हणायची.

एका दुपारी सुकडीचं पातेलं रिकामं करून उमा बाभळीखाली आली. पुतळाबाईनं तिचा पदर धरला.

"उमाबाई, तुमी सोलापुरात शिकलाव. त्यो आईचा शिनुमा बघितला असंल की वो."

उमानं पाहिला होता. कॉलेजात असताना, मैत्रिणींबरोबर. शेवट तिला चांगला आठवत होता. इतका, की त्यानंतर दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं.

पोरगी दार उघडते. आई तिचं बोट धरते. दोघी चालू लागतात. सकाळी अंथरूण मोकळं आणि उंबऱ्यात पोरीचा एक वाळा.

उमानं आजूबाजूला पाहिलं. पोरं तोंडाकडं बघत बसलेली. त्यांत कुंदाही.

"बघितलाय," ती म्हणाली. "पण लेकरांपुढं नको. उद्या सांगते निवांत."

"नक्की?"

"नक्की."

पुतळाबाईचा चेहरा असा उजळला... जणू पडद्यावर पहिला उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं. पाखरू दिसत नव्हतं. दगडावर घण पडला की ठिणगी उडायची.

उमा सुकडी वाटून बाभळीकडं निघाली. आज सांगायचं, असं ठरवूनच.

लांबूनच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं...

आवाज नव्हता.

इतकी पोरं, पण एकाचाही आवाज नाही. झोळ्या हलत नव्हत्या. पटकुरावरची पोरं मांडी घालून ओळीनं बसलेली. समोर पुतळाबाई बुंध्याला टेकून बसलेली. डोळे मिटलेले. तोंड जरासं उघडं.

"पुतळाबाई?"

कुंदानं मागं वळून ओठांवर बोट ठेवलं.

"गप गं आई. रीळ बदलतंय."

उमानं म्हातारीच्या हाताला हात लावला. तापलेल्या दगडासारखा. आणि तसाच कडक.

ती बऱ्याच वेळापूर्वी गेली होती. उन्हानं, असं सगळे म्हणाले. आणि एवढा वेळ सगळी पोरं न हलता, पाणी न मागता तिच्यासमोर बसून होती. पुढचं सुरू होईल म्हणून.

पोरांची जागा बदलली. आता ती लिंबाखाली बसू लागली. सांभाळायला शांताक्कांना ठेवलं. शांताक्का उमाच्या शेजारच्याच. माहेर कर्नाटकात, बोलण्यात मधूनच कानडी. बाई धीराची.

चार दिवस बरे गेले.

मग एका दुपारी घरी, भांडी घासता घासता, उमाला मागून बोलणं ऐकू आलं. कुंदा भिंतीकडं तोंड करून बसलेली.

"...दोघात धोतर येकच. येक भाईर गेला की दुसरा घरात..."

पोरं ऐकलेलं बोलतातच. उमानं मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दरोडेखोर. मग समुद्र.

मग एके दिवशी बैल सुरू झाला.

उमाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. दोन नंबरचा पुतळाबाईनं एकदाच सांगितला होता. त्या दिवशी कुंदा तापानं घरी होती. उमा स्वतः तिच्या उशाशी होती.

"कुंदे, हे कुणी सांगितलं तुला?"

"आजीनं."

"कधी?"

"आत्ता."

घरात दोघींशिवाय कुणी नव्हतं.

मच्छिंद्रला सांगितलं तर तो हसला. "अगं, दुसऱ्या पोरांकडून ऐकलं असंल. तू बी.ए. झालीस का भगत झालीस?"

 पण त्या दिवसापासून तिनं कामावर जाणं सोडलं. लेकीवरची नजर हलवेना.

आणि मग वास यायला लागला.

खमंग... भाजलेल्या शेंगांचा.

भर दुपारी, बारा-साडेबाराला. आख्ख्या गावात शेंगदाणा नाही, लोक अमेरिकेतून आलेल्या मिलोची लाल भाकरी खातायत, आणि उमाच्या दारात ताज्या भाजलेल्या शेंगांचा वास. वास आला की कुंदा खेळता खेळता थांबायची. मांडी घालायची. डोळे उघडे ठेवून तशीच बसून राहायची. हाक मारा, हलवा, काही नाही.

आणि दाराबाहेरून अगदी बारीक...

खट्... खट् खट्... खर्रर्र...

कुंदा जेवेना. हाडं दिसायला लागली. उमानं तिला उमरग्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छाती तपासली, जीभ बघितली, डोळे बघितले. "काही नाही. उन्हाची दमलीय. ताक द्या."

दुष्काळात ताक.

परत येताना एसटीत कुंदा खिडकीला डोकं टेकून होती. फाटा जवळ आला तशी ती हळूच म्हणाली, "आई, आता येक नंबरचा लागलाय."

"कुठं?"

"आपल्या घरी. निम्मा झाला. आजी म्हनती, शेवट तुज्या आईला ठावं हाय. ती उद्या सांगते म्हनली व्हती."

त्या संध्याकाळी उमा शांताक्कांपुढं रडली. सगळं सांगितलं.

"अय्यो शिवा," शांताक्का म्हणाल्या. "मग सांगून मोकळी हो की. तिचं येवढंच ऱ्हायलंय. ऐकंल अन् जाईल."

"शेवट काय आहे माहितीय का तुम्हाला?"

उमानं सांगितला. वाळ्यासकट.

शांताक्कांनी ऐकून घेतलं. मग उठून त्यांनी स्वतःच्या घराच्या दाराला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र तुळजापूरला गेला होता. उमानं दार लावलं. कडी चढवली. कुंदा समोरच्या खोलीत, उमा आत चुलीपाशी. मधलं दार उघडं. कुंदाचं पुटपुटणं ऐकू येत होतं. उमा मुद्दाम ऐकत होती.

पुटपुटणं थांबलं.

वास आला. एवढा, की डोळ्यांत पाणी यावं.

उमा धावली.

कुंदा पाटावर चढून, टाचा उंचावून उभी होती. हात कडीवर.

दारापलीकडं, अगदी लाकडाला तोंड लावल्यासारखं...

खट्... खट् खट्...

"कुंदे, ये इकडं!"

"थांब की. आता शेवट हाय."

उमानं तिला कमरेला धरून उचललं. उचलता येईना. वाळून काडी झालेली पोर, आणि जमिनीत पुरलेल्या उखळासारखी जड. कडी हलू लागली. कुंदाचं बोट नुसतं तिच्यावर टेकलेलं होतं, ओढत नव्हतं. कडी आपोआप वर उचलली जात होती. हळूहळू.

"सांगते!" उमा ओरडली. "पुतळाबाई, मी सांगते तुम्हाला शेवट!"

आवाज थांबला. कडी थांबली.

बाहेर रस्त्यावरून जाणारे ट्रकही ऐकू येईनात.

"पोरगी कडीला हात घालते..." उमा सांगू लागली. "कडी काढते. आणि दार..."

तिनं कुंदाचं ते बोट पाहिलं. एवढंसं. कुणीही धरून न्यावं असं.

"...दार उघडत नाही."

दारापलीकडं काही हललं नाही.

"पोरगी ओढते, रडते. पण दार उघडत नाही. कारण बाहेरून आईनंच ते घट्ट धरून ठेवलंय. ती म्हणते, माघारी जा बाळा. आत तुझं अंथरूण आहे, तुझी भाकर आहे. मी तुला न्यायला नव्हते येत. बघायला येत होते. आता बघितलं. मग ती दार सोडते. पाठ फिरवते. चालत जाते लांब... लहान लहान होत जाते. आणि पडदा पडतो. संपला सिनेमा."

कुंदा मागं न बघता बोलली.

"आजी म्हनती, डोस्क्यावर हात ठिवून सांग."

ही रीत गावात सगळ्यांना ठाऊक. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून आण घ्यायची. खोटी घेतली तर ती घेणाऱ्याला लागत नाही. लेकराला लागते. चोरसुद्धा चावडीवर चोरी कबूल करायचा, पण पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही. उमा एकेकाळी याला हसली होती. अडाणीपणा म्हणाली होती.

आता तिचा हात उचलेना.

कडी पुन्हा हलली. एक बोटभर.

उमानं हात ठेवला. लेकीच्या टाळूवर, पंजा पसरून.

"खरं आहे. हाच शेवट आहे."

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग दारापलीकडून एक सुस्कारा आला. लांबून चालत आलेलं माणूस भार उतरवून टेकल्यावर सोडतं, तसा. कडी आपल्या जागी खाली बसली. वास गेला.

उमानं दार उघडलं तेव्हा बाहेर नुसतं ऊन होतं. दारापुढच्या धुळीत एक पाऊलसुद्धा नव्हतं.

"आई, भूक लागली," कुंदा म्हणाली.

पाऊस पुढं झाला. तलाव भरला. खडी फोडणाऱ्या बाया आपापल्या रानात गेल्या. साखर कारखान्याच्या गोष्टी निघाल्या, सोसायटीचं काम वाढलं, मच्छिंद्रनं नवी सायकल घेतली. गावात पुन्हा भुईमूग आला.

कुंदा शाळेत जाऊ लागली. पुतळाबाई, बाभूळ, सिनेमे, तिला काही आठवत नव्हतं.

उमाला आठवत होतं. पहिलं वर्षभर ती लेकीच्या कपाळाला दिवसातून दहा वेळा हात लावून बघायची. ताप नाही, पडणं नाही, काही नाही. मग हळूहळू तिनं मनाची समजूत घातली. आण खोटी होती, पण खोटी आहे हे कळलं तर ना? पुतळाबाई समाधानानं गेली. तिला आता खरं कोण सांगणार?

मच्छिंद्रला तिनं कधीतरी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "शेवट मात्र झकास जुळवलास. सिनेमावाल्यांनी तुला ठेवून घ्यायला पाहिजे."

गेल्या वर्षी, जत्रेच्या आधी, रस्त्यावरून जीप फिरली. वर भोंगा बांधलेला.

तंबू परत आला होता.

उमा सुपात ज्वारी पाखडत होती. भोंग्यातून सिनेमाचं नाव आलं आणि तिचं सूप थांबलं.

"...माताभगिनींनी जरूर बघावा! संपूर्ण पिक्चर, सगळी रिळं एकाच पेटीत!"

मच्छिंद्र संध्याकाळी कपडे करून तयार. "चल की गं. शांताक्का सोडल्या तर अख्खं गाव चाललंय."

"कुंदाला बरं नाही."

"आपल्या कुंदाला? ती आत्ता चिंचेवर होती!"

"मी येत नाही. तुम्हीही जाऊ नका."

तो थांबला. मग हसला, आणि गेला.

उमानं दारं-खिडक्या लावल्या. कुंदा कंदिलाशी पाढे लिहीत बसली. भोंग्याचा आवाज वाऱ्यावर येतच राहिला. गाणी, रडणं, मधेच शांतता. रीळ बदलत असणार. पुन्हा आवाज. उमाला कळत होतं कुठवर आलं ते.

मग फार मोठी शांतता पसरली.

आणि शेवटचं रीळ सुरू झालं. मग सगळंच थांबलं.

थोड्या वेळानं रस्त्यावर पावलं, बोलणं, कंदील. मच्छिंद्र आला. पाय धुतले. उमानं तवा ठेवला, परातीत पीठ घेतलं. कुंदा अजून पाढे लिहीत होती, त्यांच्याकडं पाठ करून.

मच्छिंद्र चुलीपाशी येऊन बसला.

"एक गंमत झाली," तो म्हणाला. "एवढी गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. आणि बायकांच्या बाजूला, पहिल्या ओळीत, एक जागा मोकळी. सगळ्या दाटीवाटीनं बसल्या, पण तिथं कुणी बसंना. आणि सारखा शेंगांचा वास. मी मुद्दाम शोधलं. तंबूत शेंगावाला एकही नव्हता."

उमाचे हात पिठात थांबले.

"आणि शेवट खरंच तू जुळवलास तसा नाही गं. दार उघडतं. ती आई पोरीला—"

"बोलू नका!"

"—घेऊन जाते. नुसता एक वाळा राहतो."

तव्यावरचा धूर सरळ वर गेला. बाहेर कुत्रं भुंकत होतं, ते मधेच गप्प झालं.

भाजक्या शेंगांचा वास आला...

कुंदानं लिहिणं थांबवलं. मान जराशी खाली झुकवली. डोक्यावर ओझं घेतल्यासारखी.

"आई," ती आपल्या रोजच्या आवाजात म्हणाली, "डोक्यावरचा हात काढ की. जड लागतोय."

उमाचे दोन्ही हात परातीत होते. मनगटापर्यंत पिठात.

मच्छिंद्र चुलीपाशी होता. कुंदाच्या आसपास कुणी नव्हतं.

उमा कसंबसं म्हणाली, "काढला, बाळा."

कुंदानं मान वर करून पाहिली.

"कुठं काढलास?"

याला वर्ष झालं. कुंदाला काही झालेलं नाही. जेवते, खेळते, शाळेत पहिला नंबर. फक्त मान किंचित खाली घालून चालते. उमरग्याचे डॉक्टर म्हणतात, सवय आहे, जाईल.

मच्छिंद्र आता हसत नाही. दुपारी घर एकदम शांत झालं की उमा हातातलं काम खाली ठेवते आणि दाराकडं बघत बसते. कडी जागेवर आहे ना बघते.

आणि रविवारी शांताक्का तेल लावायला येतात. केस मोकळे करतात, कडेनं तेल लावत लावत वर येतात आणि टाळूपाशी त्यांची बोटं अडतात. त्या उमाकडं बघतही नाहीत. तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडं तेल चोपडतात.

मधले केस कोरडेच राहतात.

पंजाएवढे.